घाटघरचा रस्ता आणि आपली सुट्टी

नाणेघाटाच्या माथ्यावर, खिंडीच्या तोंडाशी, एक भला मोठा दगडी रांजण आजही उभा आहे. कोकणातून घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांनी जकातीची नाणी या रांजणात टाकावीत, असा प्राचीन काळी प्रघात होता, असे परंपरा सांगते. जवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा सुप्रसिद्ध शिलालेख आहे. अश्वमेधादी यज्ञांची आणि त्यात दिलेल्या दक्षिणेची नोंद त्यात आढळते. लेण्याच्या भिंतीवर कोरलेल्या सातवाहन राजकुळातील व्यक्तींच्या प्रतिमा काळाच्या ओघात नष्ट झाल्या. आज वर कोरलेली नावे आणि खाली पावलांचे अवशेष तेवढे दिसतात. सोपारा, कल्याण या बंदरांतून आलेला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे प्रतिष्ठानला, म्हणजे आजच्या पैठणला जात असे. वाटेच्या कडेला पाण्याची टाकी खोदलेली आहेत. जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे दुर्ग या मार्गावर नजर ठेवून उभे आहेत.

या साऱ्याचा अर्थ काय? वाटसरूने वाटेचे मोल द्यावे आणि राज्याने वाट राखावी, पाणी, आसरा व संरक्षण पुरवावे, असा तो परस्पर कर्तव्याचा व्यवहार होता. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी रस्त्याकडे ज्या गांभीर्याने पाहिले, त्याचा आपणांस सार्थ अभिमान वाटतो. मात्र त्याच रांजणाशेजारी उभे राहून आजचा रस्ता न्याहाळला, तर तो अभिमान टिकवून धरणे कठीण जाते.

नाणेघाटाच्या माथ्यावर, जीवधनच्या पायथ्याशी घाटघर हे छोटेसे गाव आहे. (अकोले तालुक्यातही घाटघर आहे, हे जुन्नर तालुक्यातील.) जुन्नरहून माणिकडोह धरणाच्या जलाशयाच्या बाजूने, आपटाळे, चावंड अशी गावे मागे टाकीत सुमारे ३० किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता येथे येतो. वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजातील वनवासी बांधवांची, आणि मुख्य पीक भात. आषाढ-श्रावणात खाचरांतून भाताच्या आवणीची लगबग चाललेली असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत शहरांना सुट्टीचे वेध लागतात. वाऱ्याच्या झोताने पाणी वर उसळणाऱ्या ‘उलट्या धबधब्याची’ चित्रे घरोघरीच्या मोबाईलवर पोहोचल्यापासून तर शनिवार-रविवारी येथे गाड्यांची रीघ लागते. पुणेकर राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव या मार्गाने येतात. मुंबई-ठाण्याचे लोक माळशेज घाट चढून येतात. २०१८ मध्ये शासनाने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून घोषित केले, तेव्हापासून हा ओघ वाढताच आहे.

लोकांनी यावे, अवश्य यावे. शिवजन्मभूमीचा हा परिसर नव्या पिढीने डोळे भरून पाहावा, असे आपणच तर सांगत आलो आहोत. प्रश्न ते येतात कसे आणि जातात कसे, हा आहे.

कोणाचा रस्ता?

शहरातून येणाऱ्याच्या दृष्टीने घाटघरचा रस्ता हा सुट्टीचा रस्ता असतो. घाटघरकराच्या दृष्टीने तो रोजचा रस्ता असतो. त्याच रस्त्याने मुले शाळेत जातात, गुरे रानातून घरी येतात, डोक्यावर रोपांच्या पेंढ्या घेतलेल्या स्त्रिया एका खाचरातून दुसऱ्या खाचरात जातात. त्याच रस्त्याने जुन्नरची एस.टी. येते आणि त्याच रस्त्याने अडलेल्या बाईला किंवा सर्पदंश झालेल्या माणसाला जुन्नरच्या रुग्णालयात न्यावे लागते.

अशा अरुंद रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाड्या उभ्या राहिल्या की एस.टी. अडकते आणि रुग्णवाहिकाही अडकते. धुक्यात, ओल्या डांबरावर, गाण्यांच्या तालात वळण कापणाऱ्या गाडीपुढे गावातले एखादे मूल आले, तर त्या क्षणी कोणाची सुट्टी आणि कोणाचे आयुष्य, असा हिशेब उरत नाही. आपण रस्ता-सुरक्षेचा विचार करतो तो बहुधा स्वतःच्या कुटुंबाच्या सुखरूप परतण्याच्या मर्यादेत. ज्यांच्या दारावरून आपण जातो, त्यांच्या सुखरूपतेचे उत्तरदायित्वही आपलेच असते, हा विचार मात्र मनात येत नाही. अतिथीला देव मानणाऱ्या संस्कृतीत अतिथीलाही काही धर्म असतो, हे विसरून कसे चालेल?

आकडे काय सांगतात

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ जण मृत्युमुखी पडले. महाराष्ट्राचा वाटा होता १५ हजार २२४ मृत्यूंचा, म्हणजे दररोज सरासरी ४० हून अधिक. देशभरातील या मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदले गेले. शिरस्त्राण म्हणजे हेल्मेट न घातलेले ५० हजार २९ आणि सीटबेल्ट न लावलेले १६ हजार ७१५ जण त्या वर्षी प्राणास मुकले. सीमेवर इतकी माणसे आपण एखाद्या युद्धात गमावली असती, तर देश पेटून उठला असता. रस्त्यावर मात्र हे युद्ध दरवर्षी हरले जाते आणि आपण वर्तमानपत्राचे पान उलटतो.

आकड्यांनी मन हलत नसेल, तर काही घटना आठवाव्यात. घाटघरचा शेजारी असलेल्या माळशेज घाटात २ जानेवारी २०१४ रोजी, नववर्षाच्या दुसऱ्याच दिवशी, एस.टी.ची बस दरीत कोसळून २७ जण मरण पावले. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचारी पावसाळी सहलीसाठी महाबळेश्वरकडे निघाले होते. आंबेनळी घाटात त्यांची बस दरीत गेली आणि त्यातील केवळ एकच जण वाचला. एकाच कार्यालयातली, एकाच गावात राहणारी ती माणसे होती. दापोलीत त्या दिवशी कोणी कोणाचे सांत्वन करायचे, हा प्रश्न होता. २३ डिसेंबर २०१२ रोजी, नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील अपघातात आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे हे दोन गुणी कलावंत गेले. पेंडसे यांचा चिमुकला मुलगाही गेला. मराठी घरांना तो आपल्याच घरातला मृत्यू वाटला होता. पण हळहळ ओसरल्यावर आपल्या गाडी चालविण्यात काय फरक पडला, हे प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे.

‘काळ आला होता’ म्हणण्याची सोय

अपघातानंतर आपल्याकडे ठरलेले शब्द उच्चारले जातात. काळ आला होता, विधिलिखित टळत नाही, देवाच्या मनात होते. सांत्वन म्हणून हे शब्द ठीक आहेत. स्पष्टीकरण म्हणून ते घातक आहेत. आपल्या परंपरेने सांगितलेला कर्मसिद्धान्त हा दैववादाचा पुरस्कार करीत नाही. कर्माला फळ असते आणि ते टळत नाही, असे तो सांगतो. रात्रभर जागून पहाटे घाटात गाडी हाकणे हे कर्म आहे. उतारावर गिअर काढून, इंधन वाचविण्याच्या हौसेने गाडी सोडून देणे हेही कर्मच. त्याचे फळ दैवाच्या खाती टाकणे म्हणजे सिद्धान्ताची विटंबना होय.

घाटाचे शास्त्र फार अवघड नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तो सेकंद संपतो, ब्रेक लागण्यास त्यानंतर सुरुवात होते. वेग दुप्पट झाला की धडकेतील ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि ऐनवेळी लागत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे जुने जाणते चालक सांगत आले आहेत. अरुंद चढावर वर येणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने आधी वाट द्यावी, असा नियमच आहे. धुक्यात प्रखर दिवे लावले, तर समोर पांढरी भिंत तेवढी उभी राहते. तेथे मंद, खाली झुकणारा प्रकाशच उपयोगी पडतो. वळणावर ओलांडून पुढे जायचे नाही आणि वळणावर छायाचित्रासाठी गाडी उभी करायची नाही. यांतील एकही गोष्ट खर्चिक नाही, की कोणाला अशक्य नाही. तरीही या गोष्टी होत नाहीत, याचे कारण ज्ञानाच्या अभावात शोधण्यापेक्षा स्वभावात शोधले पाहिजे.

थोडे आपल्याविषयी

बेशिस्तीचा विषय निघाला की आपले बोट चटकन मद्यपी तरुणांकडे, धनिकांच्या बिघडलेल्या मुलांकडे वळते. तसे लोक आहेत आणि त्यांच्यावर कठोर कारवाई झालीच पाहिजे. परंतु या साप्ताहिकाच्या वाचकांनी आज बोट स्वतःकडेही वळवावे, अशी नम्र विनंती आहे.

गडकोटांच्या मोहिमा हे आपल्या तरुणांचे आवडते कार्य आहे. त्यातून इतिहासाची ओढ निर्माण होते, शरीर काटक बनते, गडांची स्वच्छता होते. हे सारे स्तुत्यच आहे. पण या मोहिमांना निघालेल्या दुचाकींच्या रांगा आपण पाहिल्या आहेत ना? हाती भगवा ध्वज, कपाळी गंध, मुखी शिवरायांचा जयघोष; मात्र डोक्यावर शिरस्त्राण नाही, एका दुचाकीवर तिघे, आणि रस्त्याची अख्खी रुंदी व्यापून चाललेला तांडा. शिवजयंतीला शिवनेरीहून ज्योत घेऊन धावत निघणारी मुले रात्री-अपरात्री महामार्गाच्या कडेने जातात. पुढे-मागे इशारा देणारे वाहन नसते, अंगावर चमकणारा पट्टा नसतो. मागून येणाऱ्या टेम्पोत दाटीवाटीने साथीदार बसलेले असतात. एखाद्या पोलिसाने अडवले, तर ‘महाराजांच्या कार्याला अडवता काय’ असा प्रतिप्रश्न ऐकू येतो.

ज्या राजाने आपल्या गडांवर शिस्तीत कसूर खपवून घेतली नाही, त्याच्या नावाने शिस्त मोडण्याचा परवाना आपण कोणाकडून घेतला? ध्वज हाती घेतला की उत्तरदायित्व वाढते. रस्त्यावरचा सामान्य माणूस त्या ध्वजाकडे पाहून आपल्या विचाराची पारख करीत असतो. आपल्या धक्क्याने एखादी वृद्धा रस्त्यावर पडली, तर तिच्या घरी आपल्या शंभर व्याख्यानांचा उपयोग नाही.

१५ एप्रिल २०२३ ची पहाट अजून विस्मरणात गेलेली नाही. पुण्याकडील एका कार्यक्रमात वादन करून मुंबईला परतणारी गोरेगावच्या बाजीप्रभू वादक गटाची बस खोपोलीजवळ, बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळाच्या परिसरात दरीत कोसळली. १३ जणांचा अंत झाला. त्यांत कोवळ्या वयाची मुले होती. ढोल-ताशा पथकांत जाणारी अशी मुले आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. दिवसभर उन्हात वादन करायचे आणि रात्रीतूनच परतीचा प्रवास करायचा, अशी पद्धत पथकांत, शिबिरांत, सहलींत सर्रास रूढ आहे. एक मुक्काम वाढला, तर खर्च वाढतो हे खरे. परंतु पहाटेच्या त्या वेळी माणसाचे शरीर झोप मागत असते आणि चालकाच्या डोळ्यांना हे कळत असूनही तो ‘झालेच आता’ म्हणत राहतो. कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात मांडवाचा, फलकाचा, अल्पोपाहाराचा खर्च आपण धरतो. चालकाच्या झोपेचा खर्च किती जण धरतात? मध्यरात्री ते पहाट या वेळात घाट उतरायचा नाही, असा एक साधा नियम आपल्या प्रत्येक मंडळाने, पथकाने, शाखेने स्वतःपुरता केला, तरी कितीतरी घरांतील दिवे विझायचे वाचतील.

मागच्या आसनावरचा माणूस

मध्यमवर्गीय कुटुंबांतही काही समज घट्ट रुजले आहेत. सीटबेल्ट पुढे बसणाऱ्यांनी लावायचा असतो, मागचा पट्टा शोभेसाठी असतो, असा त्यांपैकी एक. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांचे निधन झाले. केंद्रीय मंत्रिपदाची शपथ घेऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. ना घाट, ना दरी. राजधानीतील चौकात दुसरी मोटार त्यांच्या मोटारीवर आदळली आणि मागच्या आसनावर बसलेला हा लोकनेता गेला. मागचा पट्टा शोभेपुरता असतो या गैरसमजाने आपल्या मित्राचा जीव घेतला, अशा आशयाचे उद्गार तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी काढले होते. ते स्वतः वैद्यक जाणणारे होते. त्यानंतर आठ वर्षांनी, ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. तेही मागेच बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. महाराष्ट्राने आपला एक मोठा नेता गमावूनही जो धडा घेतला नाही, तो आता तरी घ्यावा. मागच्या आसनावरही पट्टा बांधणे कायद्याने बंधनकारक आहे.

पुढच्या आसनावर आईच्या मांडीवर बसलेले बाळ हे दृश्य आपल्याला वात्सल्याचे वाटते. धडकेच्या क्षणी मात्र कोणत्याही आईचे हात ते बाळ धरून ठेवू शकत नाहीत. दुचाकीवर पुढे टाकीवर उभे केलेले मूल, मध्ये दाबून बसवलेले दुसरे, वडिलांच्या डोक्यावर शिरस्त्राण आणि आई-मुलांची डोकी उघडी, हे तर आपल्या प्रत्येक शहरातील नित्याचे चित्र आहे. चार वर्षांवरील प्रत्येकाला शिरस्त्राण आवश्यक आहे, हे कायदा सांगतो. प्रेमाने ते त्याआधीच सांगायला हवे होते.

आणि मुलांच्या हाती किल्ली देण्याबाबत काय? मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतल्याच्या प्रकरणाने सारा देश हादरला. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. त्यावर येथे भाष्य करण्याचे कारण नाही. परंतु सुट्टीत गावी गेल्यावर पंधरा वर्षांच्या मुलाला ‘इथे कोण बघतंय’ म्हणून दुचाकी देणारे सज्जन वडील, काका, मामा आपल्या परिचयात आहेतच. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यानुसार अशा प्रकरणी पालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. कुटुंब प्रबोधनाच्या बैठकीत ज्या विषयांवर आपण बोलतो, त्यांत हा विषय यायला हवा. संस्कार देवघरात होतात तसे ते चालकाच्या आसनावरही होतात. बाबा लाल दिव्याला थांबतात की आजूबाजूला पोलीस आहे का पाहतात, हे मागे बसलेले मूल टिपत असते.

शासनाचे उत्तरदायित्व

याचा अर्थ सारा दोष नागरिकाच्या माथी मारून शासनाने मोकळे व्हावे, असा नव्हे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि एस.टी.च्या दोन बस प्रवाशांसह पुरात गेल्या, तेव्हा त्या प्रवाशांनी कोणता नियम मोडला होता? १५ जून २०२५ रोजी, ऐन रविवारी, मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चौघांचा बळी गेला. गर्दीचे चुकले हे खरेच. पण धोकादायक पुलावर गर्दी जाऊ शकते, ही व्यवस्थाही चुकलीच.

काय करता येते, याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ पासून राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी मिळून ‘शून्य मृत्यू’ हे उद्दिष्ट समोर ठेवले. प्रत्येक प्राणघातक अपघाताची कारणे तपासली गेली, कडेच्या उघड्या खांबांना व कठड्यांना संरक्षक पट्ट्या बसविल्या गेल्या, मार्गावर उभ्या राहणाऱ्या अवजड वाहनांवर कारवाई झाली, तातडीच्या उपचारांची व्यवस्था सुधारली. २०२० पर्यंत या मार्गावरील वार्षिक मृत्यू २०१६ च्या तुलनेत निम्म्याहून खाली आले. २०२० हे टाळेबंदीचे वर्ष होते हे मान्य केले, तरी त्याआधीच्या वर्षांतही उतरण दिसत होतीच. याचा अर्थ स्पष्ट आहे. अपघात कमी करता येतात. त्यासाठी कोणी तरी चिकाटीने त्यांच्या मागे लागावे लागते.

मोठ्या मार्गावर जे होते, ते घाटघरसारख्या गावरस्त्यावर का होऊ नये? येथे हजारो कोटी नकोत. धोक्याच्या वळणांवर कठडे आणि बहिर्वक्र आरसे, धुक्यात दिसतील असे परावर्तक, गावाच्या अलीकडे वाहनतळ, सुट्टीच्या दिवशी एकेरी वाहतूक आणि एक सुसज्ज रुग्णवाहिका, एवढ्याने बराच फरक पडेल. प्रशासनाला गर्दीवर सुचणारा उपाय बहुधा एकच असतो, बंदी. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरण परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्यानंतर जिल्ह्यातील अनेक पावसाळी पर्यटनस्थळांवर असे आदेश निघाले. तात्कालिक उपाय म्हणून ते समजू शकते. पण पर्यटकांना पिठले-भाकरी रांधून घालणाऱ्या, वाट दाखविणाऱ्या स्थानिकांची चार महिन्यांची मिळकत बंदीने बुडते. पर्यटन तालुका घोषित करायचा आणि हंगाम आला की कुलूप लावायचे, हे धोरण नव्हे.

नवा रांजण

म्हणून मनात येते की, त्या जुन्या रांजणाचाच आधार घ्यावा. सुट्टीच्या दिवशी बाहेरून येणाऱ्या प्रत्येक गाडीने गावाबाहेरच्या वाहनतळावर थांबावे, माफक शुल्क द्यावे आणि पुढचे अंतर पायी चालावे. ज्याला चालवत नाही, त्याच्यासाठी गावातीलच वाहन असावे. जमा झालेली रक्कम ग्रामसभेच्या नियंत्रणाखाली रस्त्याच्या सुरक्षिततेसाठी आणि गावातील तरुणांच्या मानधनासाठी खर्च व्हावी, तिचा हिशेब फलकावर लागावा. वाटसरूने मोल द्यावे आणि वाट राखली जावी, हा नाणेघाटाचा मूळ धर्म त्यातून पुन्हा प्रस्थापित होईल.

आणि कार्यकर्त्यांनी? शताब्दीनिमित्त संघाने समाजासमोर मांडलेल्या पंचपरिवर्तनात नागरी कर्तव्याचा समावेश आहे. हा विषय भाषणात मांडणे सोपे. तो आचरणात आणण्यासाठी रस्त्याइतकी उत्तम जागा दुसरी नाही. जुन्नर, नारायणगाव, मंचर या परिसरातील स्वयंसेवकांनी हंगामातील शनिवार-रविवारी ग्रामपंचायत आणि पोलिसांच्या संमतीने वाहतुकीला साहाय्य करावे. प्रत्येक शाखेतील दहा जणांनी तरी प्रथमोपचाराचे शिक्षण घ्यावे. अपघात पाहून लोक थबकतात ते पोलिसांच्या ससेमिऱ्याच्या भीतीने. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि पुढे २०१९ च्या कायद्याने मदतीस धावणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. २०२५ मध्ये अपघातग्रस्तांसाठी पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतच्या विनारोकड उपचारांची योजनाही केंद्राने लागू केली. अपघातानंतरचा पहिला तास मोलाचा, हे वैद्यकशास्त्र सांगते. घाटघरहून जुन्नर गाठेपर्यंतच त्यातला बराच वेळ निघून जातो. जागेवर रक्तस्राव थांबवू शकणारा एक प्रशिक्षित तरुण तेथे असणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरचे माणूस त्यामुळे वाचेल त्यालाच कळेल.

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या समाजाला शिस्त लागणे शक्य आहे का? त्याचे उत्तर दरवर्षी आषाढात दिवे घाटात मिळते. लक्षावधी वारकरी तो घाट चढतात. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, प्रत्येक वारकऱ्याला आपली जागा ठाऊक असते. चोपदाराने हात उंच केला की अथांग समुदाय निःशब्द होतो. तेथे दंडाची भीती नसते. पुढे चाललेला माणूस आपल्यासाठी माउली असतो, एवढी एकच भावना ती शिस्त निर्माण करते. तोच समाज गाडीत बसला की समोरच्याला माउली म्हणणे विसरतो.

येत्या सुट्टीत आपण घाटघरला जाल. नाणेघाटाच्या त्या रांजणापाशी मुलांना उभे करून सातवाहनांचा इतिहास सांगाल. तेव्हा एवढेच पाहावे की, आपण येताना वाटेत एस.टी.ला वाट दिली होती का, मागे बसलेल्यांचे पट्टे बांधलेले होते का, आणि रोपांची पेंढी डोक्यावर घेऊन चाललेल्या त्या बाईच्या अंगावर चिखल उडू नये म्हणून आपण वेग कमी केला होता का. एवढे झाले असेल, तर मुलांना इतिहास सांगण्याचा आपला अधिकार निर्विवाद आहे.